पाण्याखालची लाथ

“पंचांना दिसणार नाही अशी लाथ कशी मारायची, एवढंच विचारतोय. शिकवणार की नाही?”

हसन उस्ताद पोहण्याच्या तलावाच्या काठावर उकिडवे बसले होते आणि लांब दांड्याच्या जाळीने पाण्यावर पडलेली गुलमोहराची बारीक पानं काढत होते.

“उस्ताद, मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकू येतंय.”

“मग?”

“पानं काढतोय...”

हवालदार महिपत शेडगेचं डोकं सणकलं. जाळी हिसकावून घ्यावी आणि तलावात भिरकावून द्यावी असं त्याला वाटलं. पण समोरचा माणूस उस्ताद होता. त्याने फक्त मुठी आवळल्या आणि तो उभा राहिला.

आदल्या दिवसापासून तो असाच धुमसत होता. रात्री झोप नाही, सकाळी चहा घशाखाली उतरला नाही.

शेडगे हा पूल बांधणाऱ्या एका पलटणीच्या वॉटरपोलो संघाचा कप्तान. कोयनेच्या फुगवट्याकाठच्या गावातला. चालायला लागला आणि पोहायला लागला, असं त्याची आई सांगायची. विभागातल्या आठ पलटणींचे संघ अजिंक्यपदासाठी या छावणीत जमले होते, आणि यंदा करंडक आपलाच, असं शेडगे उघड बोलून दाखवायचा. त्याच्याइतका जोरकस गडी विभागात नव्हता. हे लोक म्हणायचे, आणि त्यालाही ते मान्य होतं.

खेळ मोठा फसवा. सात-सात गडी, खोल पाणी, तळाला पाय टेकायचा नाही. दोन्ही काठांवरून पंच शिट्टी घेऊन फिरतात. त्यांना चेंडू दिसतो, हात दिसतात, टोप्या दिसतात. कमरेखाली काय चाललंय ते ज्याचं त्याला माहीत.

काल साखळी सामन्यात तोफखान्याच्या संघाशी गाठ पडली होती. तिसऱ्या डावात त्यांच्या पेडणेकरने लान्स नायक सुदाम वाळुंजला पाण्याखाली ओढलं, त्याची कान झाकणारी टोपी उपसून काढली आणि उघड्या कानावर कोपर हाणलं. वाळुंज खाली गेला. शेडगेच्या संघाच्या गोलरक्षकाने दुसऱ्या टोकाहून येऊन त्याला बाहेर काढलं तेव्हा मानेवरून रक्ताचा ओघळ वाहत होता.

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, “आता याने पाण्यात उतरायचं नाही. कधीच नाही.”

वाळुंज आणि शेडगे सहा वर्षं एका संघात खेळत होते. एकाने न बघता चेंडू फेकायचा आणि दुसऱ्याने तो न मागता झेलायचा, असं त्यांचं चालायचं.

शेडगे पंचांकडे गेला होता. पंचांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. “आम्ही पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते कागदावर कसं आणायचं?” असं म्हणून ते निघून गेले.

आणि उद्या दुपारी चार वाजता अंतिम सामना. पुन्हा तोफखानाच. पुन्हा पेडणेकरच.

म्हणून तो उस्तादांकडे आला होता.

हसन होडेकर हे दाभोळच्या खाडीवरचे. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण पलटणीने त्यांना सोडलं नाही. गेली वीस वर्षं संघ त्यांच्या हाताखाली तयार होत होता. वय अडुसष्ट. पोट सुटलेलं, खांदे मात्र अजून दरवाजाएवढे. त्यांच्या खेळण्याच्या दिवसांबद्दल जुने लोक हलक्या आवाजात बोलायचे. होडेकरच्या अंगावर गेलेला गडी वर यायचा तो पांढराफटक होऊन, आणि पंच त्याच वेळी होडेकरला शाबासकी देत असायचे.

पण वीस वर्षांत त्यांनी त्यातलं एक अक्षर कुणाला शिकवलं नव्हतं.

“तुम्हाला येतं,” शेडगे म्हणाला. “सगळ्या विभागाला माहितीय तुम्हाला येतं ते.”

“येतं.”

“किती जणांना मारलंत?”

“मोजले नाहीत...” जाळी क्षणभर थांबली. “एकच लक्षात आहे.”

“मग मला का नाही शिकवत? माझ्या माणसाचा कान गेलाय. पंच आंधळे आहेत. मेजरसाहेब म्हणतात, शांत राहा. तुम्ही पानं काढताय. मी करू काय? उद्या त्याच्याशी हात मिळवू? हसून फोटो काढू?”

उस्तादांनी जाळी खाली ठेवली.

“शिकवतो,” ते म्हणाले. “उतर.”

शेडगेला खरं वाटेना. “आत्ता?”

“उद्या मॅच आहे ना? मग आत्ताच.”

उस्तादांनी सदरा काढला, घडी करून कठड्यावर ठेवला आणि बनियन-चड्डीवर ते शिडीने पाण्यात उतरले. उतरताना त्यांचे गुडघे वाजले. पण पाण्यात शिरल्यावर माणूस बदलला. छातीपर्यंत वर, स्थिर. खाली पाय फिरत असतील असं वाटूही नये.

“हात वर ठेव. दोन्ही. तळवे पंचांकडे. आपल्या हातात काही नाही, हे त्यांना दिसू दे.”

शेडगेने हात वर केले.

“तोंड नीट कर.”

“म्हणजे?”

“तोंडावर राग दिसतोय. पंच पाणी बघत नाहीत. तोंडं बघतात.”

शेडगेने तोंड नीट करायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

“गुडघा छातीशी घे. टाच पुढे. बोटं नाही, टाच. इथे...” उस्तादांनी त्याचा पाय पाण्याखाली धरून स्वतःच्या शेवटच्या बरगडीखाली टेकवला. “तो श्वास घेत असताना मारू नकोस. सोडत असताना मार. मग ओरडायलाही हवा उरत नाही.”

शेडगेने चार-पाच वेळा तसं करून पाहिलं. उस्ताद चूक सांगत गेले. टाच वर जातेय. कंबर हलतेय, पाण्यावर भोवरा दिसतो. खांदा झुकतोय. वीस वर्षं चेंडू फेकणं शिकवताना जो आवाज असायचा तोच आवाज, तोच थंडपणा. त्यात कमी नाही, जास्त नाही.

“आता मार,” उस्ताद म्हणाले.

“कुणाला?”

“इथे दुसरं कोण आहे?”

“तुम्हाला? उस्ताद, काहीतरीच काय.”

“मार.”

शेडगेने मारली. जेमतेम लागली.

“पेडणेकरला गुदगुल्या होतील.”

त्याने पुन्हा मारली. थोडी जोरात.

“तुझ्या आईने लहानपणी याहून जोरात मारलं असेल.”

“उस्ताद, तुमचं वय...”

“वाळुंज खाली गेला तेव्हा तू कुठे होतास?”

शेडगेचे हात अर्धवट खाली आले.

“काय?”

“विचारतोय. कुठे होतास?”

“समोर. गोलाच्या तोंडाशी.”

“किती लांब?”

“असेन... चार हात.”

“त्याने हात वर केला होता?”

शेडगेने नजर काठाकडे वळवली.

“केला होता,” उस्ताद म्हणाले. “तू बघितलंस. आणि बॉल मागितलास. बॉल आला, तू गोल केलास, मूठ वर करून ओरडलास. तो तेव्हा खालीच होता.”

“कोण म्हणालं?”

“वाळुंज.”

“खोटं आहे! मला वाटलं येईल वर. रोज जातो आम्ही खाली, रोज येतो वर! मला काय माहीत... खोटं बोलतोय तो!”

“मूठ वर करून ओरडलास,” उस्ताद पुन्हा म्हणाले. बोलता बोलता श्वास सोडत होते ते.

शेडगेने लाथ घातली.

टाच नेमकी बसली. काहीतरी मऊ आत दबलं, ते त्याला घोट्यापर्यंत जाणवलं. उस्तादांचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. ते सरळ खाली गेले. दोन्ही हात वर होते, तळवे समोर. शेवटी तेही बुडाले.

शेडगेला बरं वाटलं. कालपासून पहिल्यांदाच. भोगा म्हणावं. आणखी बोला म्हणावं.

बुडबुडे आले. मग कमी झाले.

नाटक करतोय म्हातारा, शेडगेच्या मनात आलं. खाडीवरचा माणूस, दोन-दोन मिनिटं खाली राहतो. आपली परीक्षा बघतोय. बघू दे.

पाणी सपाट झालं. कठड्यावरच्या सदऱ्याची बाही वाऱ्याने हलली.

“उस्ताद...”

खाली निळ्या फरशीजवळ बनियनचा पांढरा ठिपका दिसला. तो हलत नव्हता.

मग मात्र शेडगे खाली गेला. कसा गेला, उस्तादांना काखेत हात घालून कसं वर आणलं, काठावर कसं ढकललं, काही आठवत नव्हतं. उस्तादांना पालथं करून तो पाठीवर थापा मारत होता आणि घाणेरड्या शिव्या देत होता. त्यांना, पेडणेकरला, स्वतःला, कुणाला ते त्यालाही कळत नव्हतं.

उस्ताद खोकले. तोंडातून पाणी आलं. बराच वेळ खोकत राहिले. मग उठून बसले.

“कुठे लागलं?” शेडगेने विचारलं.

“शिकवलं तिथेच.”

“डॉक्टरकडे चला.”

“किती वेळ थांबलास?”

“काय?”

“मी खाली गेल्यावर. किती वेळ थांबलास?”

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम...”

“तुला काय वाटलं ते नाही विचारलं.”

शेडगेने मान खाली घातली. त्याच्या केसांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“बराच,” तो म्हणाला.

उस्तादांनी सदरा अंगात घातला. एक हात वर जाईना, तेव्हा दुसऱ्या हाताने बाही ओढून घेतली.

“लाथ आली तुला,” ते म्हणाले. “उद्या दुपारी जड जेवू नकोस.”

आणि ते भिंतीला हात लावत चालू लागले.

शेडगे तिथून थेट लष्करी इस्पितळात गेला. वाळुंज खाटेवर कुशीवर झोपला होता. दुखरा कान वर, त्यावर पट्टीचा गठ्ठा. चांगला कान उशीत दाबलेला. डोळे उघडे, भिंतीकडे.

“सुदाम.”

वाळुंज हलला नाही.

“सुदाम, तू उस्तादांना काय सांगितलंस?”

त्याला ऐकू येत नव्हतं, की त्याला ऐकायचं नव्हतं, हे शेडगेला कळेना. खाटेच्या पलीकडे जाऊन त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहता आलं असतं. पण तेवढी जागा पार करायची हिंमत होईना.

“मी बघितलं होतं,” तो त्या पट्टीला म्हणाला. “हात बघितला होता मी. पण उद्या मी त्याला सोडणार नाही. तुझी शपथ.”

वाळुंजने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तलावाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही पलटणींचे जवान बाकड्यांवर उभे राहून घसा फोडत होते. उस्ताद संघाच्या बाकावर एका अंगावर कलून बसले होते. त्यांनी सामन्याआधी कुणाला काही सांगितलं नाही.

पेडणेकर पाण्यात शेडगेसमोर आला. सडपातळ, पिंगट डोळ्यांचा.

“तुमचा तो कसा आहे?” त्याने विचारलं.

“नाव घेऊ नकोस त्याचं.”

“खेळ आहे, शेडगे. मला काय त्याचा कान फोडायचा नव्हता.”

“नाव घेऊ नकोस म्हटलं ना!”

शिट्टी झाली.

तीन डाव शेडगे नुसता खेळला. तसा तो पूर्वी कधी खेळला नसेल. चार गोल त्याचे एकट्याचे. पेडणेकर त्याला चिकटून होता, पोटऱ्यांना नखं लावत होता, चड्डी ओढत होता. शेडगे वाट बघत होता. घाई नव्हती. त्याचा राग आता उकळत नव्हता. तो गोठून टणक झाला होता, आणि तोंडावर त्याचा मागमूस नव्हता.

शेवटचा डाव. गोल सात-सात. मिनिटभराचा खेळ उरलेला.

शेडगे गोलाच्या तोंडाशी, पेडणेकर त्याच्या छातीला छाती भिडवून. दोघांचे हात वर. एका काठावरचे पंच त्यांच्याकडेच बघत होते. शेडगेने तळवे उघडे ठेवले. पेडणेकर आपल्या गोलरक्षकाला ओरडून काहीतरी सांगत होता. ओरडताना माणूस श्वास सोडतो.

शेडगेने लाथ घातली.

पेडणेकरचा शब्द अर्धाच राहिला. तो खाली गेला.

आणि त्याच क्षणी चेंडू आला. शेडगेच्या उजव्या तळव्यात अलगद बसला. समोर एकटा गोलरक्षक, तोही चुकीच्या बाजूला सरकलेला. बाकांवरचे सगळे जवान एका आवाजात ओरडले. हात मागे न्यायचा आणि सोडायचा, एवढंच काम होतं. करंडक होता तो. वाळुंजचा कान होता. सगळं एका हातात होतं.

शेडगेने हात मागे नेला.

पाण्याखाली त्याच्या मांडीला काहीतरी लागलं. बोटं. त्यांनी धरायचा प्रयत्न केला. मग ती सुटली.

“मर!” शेडगे मोठ्याने ओरडला. चेंडू त्याने बाजूला टाकला आणि बुडी मारली.

वर आला तेव्हा पेडणेकर त्याच्या दोन्ही हातांत होता. काठावरच्या पंचांना दिसलं ते एवढंच, की एक गडी दुसऱ्याला मिठी मारून धरतोय. शिट्टी वाजली. धरल्याबद्दल शेडगेवर चूक दिली गेली, चेंडू तोफखान्याला मिळाला. त्यांच्या गोलरक्षकाने तो लांब फेकला. शेडगे पेडणेकरला घेऊन कडेला निघाला होता, तेवढ्यात पलीकडे गोल झाला. तोफखाना आठ, पूलवाले सात.

कडेच्या कठड्याला पेडणेकरचा हात लागला. त्याने हवा ओढली. मग शेडगेकडे बघितलं.

“तूच मारलंस,” तो कसाबसा म्हणाला.

“हो.”

“मग काढलंस कशाला?”

“माहीत नाही.”

“सोड मला!”

“सोडलं तर बुडशील.”

“बुडेन! तुझे उपकार नकोत. सोड म्हणतो ना, हरामखोर!”

“गप्प बस!” शेडगे त्याच्या तोंडावर ओरडला. “तोंड बंद ठेव आणि श्वास घे!”

त्याने हात सोडला नाही.

खेळ थांबला. पेडणेकरला वर ओढून घेतलं. पंच वाकून विचारू लागले, “काय झालं तुमच्या दोघांत?”

पेडणेकर कुशीवर पडून ओकत होता. उत्तर देणारा एकटा शेडगेच होता. कुणीही काही पाहिलं नव्हतं.

“मी मारली लाथ,” शेडगे म्हणाला. “पाण्याखालून. ठरवून.”

पंच बघत राहिले.

“बघताय काय? लिहा ना कागदावर! माणूस तोंडाने सांगतोय. आता तरी लिहा!”

त्यांनी लिहिलं. शेडगेला पाण्याबाहेर काढलं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात त्याच्या संघाला काही करता आलं नाही. करंडक तोफखान्याने उचलला. पुढचं वर्षभर शेडगेला कुठल्याही स्पर्धेत खेळायची बंदी झाली. मेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर त्याची सालटी काढली. “मारायचं नव्हतंस, तर मारायचं नव्हतंस. आणि मारलंस, तर गोल तरी करायचास! दोन्हीकडून बुडवलंस आम्हाला.” संघातला एकही गडी त्याच्याशी बोलला नाही. आपले-आपले टॉवेल उचलून ते निघून गेले.

वाळुंज पट्टी बांधून बाकांच्या शेवटच्या ओळीत येऊन बसला होता. तोही उठला. जाताना तो शेडगेसमोर थांबला. काही तरी बोलेल असं वाटलं. त्याने नुसतं बघितलं, बराच वेळ, आणि गेला.

उस्ताद एकटेच बाकावर बसून होते. मघासारखेच, एका अंगावर कलून.

शेडगे त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. अंगावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

“झालं समाधान?” तो ओरडला. “करंडक गेला. नाव गेलं. वर्ष गेलं. माझे लोक माझ्याकडे बघत नाहीत. ज्याला मारलं तो शिव्या घालतो, ज्याच्यासाठी मारलं तो बोलत नाही. धड सूड नाही, धड खेळ नाही!”

त्याने बाकावर मूठ आपटली.

“हात मागे नेला होता मी! गोल माझाच होता! आणि मधेच तो खाली गेलेला दिसायला लागला. तो नाही, तुम्ही! ते बनियन! कालचं ते सगळं तुम्ही मुद्दाम केलंत. खरं सांगा. मुद्दाम पडून राहिला होतात ना खाली?”

“नाही,” उस्ताद म्हणाले. “शुद्ध गेली होती.”

शेडगे एक पाऊल मागे सरला. पण राग कुठे जाईना. तो पुन्हा वर आला, दुपटीने.

“मग हे काय करून ठेवलंत माझं? मीच मारायचं, मीच बुडी मारायची, मीच वर काढायचं, मीच जाऊन सांगायचं! कसला गुरू तुम्ही? काय शिकवलंत हे मला?”

उस्तादांनी बरगडीवर हात दाबला आणि सावकाश उठून उभे राहिले.

“त्यातलं मारायचं तेवढंच मी शिकवलं.”